धानाच्या कडपा

भंडाऱ्याकडच्या आमच्या गावाहून धाकट्या भावाचा, समाधानचा फोन आला. "दादा, धान कापून दोन दिवस कडपा वाळल्या. भारे बांधू का?"

कापलेल्या धानाच्या त्या ओळींना मी चाळीस वर्षांत हात लावलेला नाही. पण ग्रंथपाल होतो, भातशेतीचं पुस्तक पाहिलं आणि सांगितलं, "अजून दोन दिवस वाळू दे."

दुसऱ्याच दिवशी तिकडे पाऊस लागला, तो चार दिवस थांबला नाही.

आज इकडे पुण्यात, येरवड्याला लख्ख ऊन आहे. मुलगा आत हेडफोन लावून मीटिंगमध्ये आहे. मोबाइलवर समाधानचा फोटो आला : पाण्यात पडलेल्या लोंब्यांना पांढरे कोंब. मागोमाग फोन.

"ललिता म्हणत होती, पुस्तकाला आभाळ दिसते का? मीच बायकोला चूप केलं."

"चुकलं रे माझं."

"ते जाऊ द्या दादा. आता काय करू, ते पाहून सांगा ना."

पुस्तक मांडीवरच होतं. कोंब फुटलेल्या धानाबद्दल त्यात एक ओळही नव्हती. समाधान फोन धरून थांबला होता. त्याला ऐकू जावं म्हणून मी पानं उलटत राहिलो.