फिरकीच्या तांब्यातला देव

"हटो, हटो! जल बोलता है, बाबा सुनता है!"

चेल्याची आरोळी उठली तशी सीताबर्डीच्या किल्ल्याखाली, वडाच्या सावलीत, आणखीच रेटारेटी झाली. साल त्र्याहत्तर, दिवस पंधरा ऑगस्टचा. किल्ला लष्कराच्या ताब्यात, वर्षातून दोन-तीनदाच लोकांना उघडा. म्हणून खेड्यापाड्यांतून माणसं शिदोऱ्या बांधून आलेली. पण तोफा नि तटबंदी राहिल्या वर, आणि पब्लिक खाली जलबाबापुढे!

बाबाचा चमत्कार असा: घरून आणलेल्या भांड्यात त्याला पाणी द्यायचं. बाबा भगवी ओढणी डोक्यावरून भांड्यासकट ओढून घ्यायचा, भांडं कानाजवळ गरगर फिरवायचा, आत गुरगुरायचा, आणि ओढणी फेकून धाडकन नाव, गाव, लग्नाचं साल सांगायचा. एकाने प्लास्टिकचा डबा पुढे केला तर म्हणाला, "प्लास्टिकमध्ये देव गुदमरते, बेटा!" लोकांनी माना डोलावल्या, जसं काही हे त्यांना शाळेतच शिकवलं होतं.

काटोलकडच्या सावळी गावची पुष्पलता ढोके सासूचा हात धरून गर्दीत उभी होती. सासू सुभद्राबाईंच्या डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकला होता. उद्या सकाळी मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन. आता उशीर केला तर डोळा हातचा जाईल, असं डॉक्टरने बजावलं होतं. आलोच आहो तर किल्ला पाहून घेऊ, असं सासरे मारोतराव म्हणाले, आणि नवरा मनोहरने शिदोरीची पिशवी उचलली.

"लाओ बाई, जल लाओ!" चेल्याने सुभद्राबाईंचा, झाकण फिरवून बसवायचा फिरकीचा तांब्या ओढलाच. गुरगुर झाली. ओढणी उडाली.

"सुभद्रा! पती मारोतराव! सावळी! लगीन सन पस्तीस!"

सुभद्राबाईंनी हात जोडले. "अगं माय वं! माह्या लग्नाचं साल मले याद नाही, अन् याले माहीत!"

"डोळ्यापुढे अंधार आहे ना?" बाबाने विचारलं. हात धरून आणलेल्या बाईला हे विचारायला देव कशाला हवा! "लोखंड लागू देऊ नको. लोखंड लागलं की ज्योत गेली. ही राख घे, दोन टाइम डोळ्यात घाल."

सुभद्राबाईंनी पुडी कपाळाला लावली. "चला जी, घरी चला. मी काही उद्या डोळा कापू देत नाही."

"देवच बोलला, आता डॉक्टरचं काय काम पडते?" मारोतरावही विरघळले.

पुष्पलताने पुडीकडे पाहिलं. डोळ्यात राख! पण 'सावळी, सन पस्तीस' हे शब्द तिच्या ओळखीचे होते. रोज चिंच लावून तांब्या घासताना ते तिच्या बोटांखालून जात. लग्नात मिळालेल्या या तांब्याच्या पोटावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलं होतं: 'सौ. सुभद्राबाई मारोतराव ढोके, सावळी, सन १९३५.' घरातल्या पुरुषांना वाचता येई, पण त्यांनी तांब्या फक्त तोंडाला लावला. सासूने जन्मभर घासला, पण तिला अक्षर येत नव्हतं. घासणं आणि वाचणं, दोन्ही एकट्या पुष्पलताच्या वाट्याला आलं होतं.

भर गर्दीत सुनेचं कोण ऐकणार? तिने मनोहरजवळच्या पिशवीतून पितळी गिलास काढला. गिलास शेजारच्या गोपिकाबाईंचा. पंगतीत भांडी इकडची तिकडे होतात, तसा घरी आलेला. त्यात पाणी ओतून ती पुढे सरकली.

"बाबा, माह्यंही नाव सांगा जी!"

गुरगुर. ओढणी उडाली. "गोपिका! पती गणपतराव! सावळी! लगीन सन बावन!"

मनोहर उसळला. "काहून वं, हा गणपतराव कोण?"

"शेजारचे काका, दुसरे कोण? त्यांच्याच घरचा गिलास आहे हा! अन् सन बावनमध्ये मी त पाळण्यात होती!"

तिने दोन्ही भांडी उंच धरून त्यांवरची अक्षरं खणखणीत वाचली. असा हशा पिकला की वरचे किल्लेवालेही वाकून पाहू लागले. बायांनी आपापली भांडी शाळकरी पोरींपुढे धरली, "वाच बरं, काय लिवलं हाये!" चेला चटई गुंडाळू लागला. जलबाबाला आता काहीच ऐकू येईना.

सुभद्राबाई मात्र हसल्या नाहीत. तांब्यावरून अंगठा फिरवत म्हणाल्या, "मले त नक्षी वाटे वं. अडतीस वर्षं माह्यं नाव माह्या हातात होतं, अन् मलेच ठाऊक नव्हतं." त्यांना फार लाज वाटली. पुडी त्यांनी नालीत फेकली.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात तरुण डॉक्टरने कागद पुढे ओढला. "आजी, नाव काय तुमचं?"

सुभद्राबाई बिचकल्या. "पुष्पे, याले त नावही माहीत नाही. याच्या हाती डोळा कसा देऊ?"

"आत्याबाई," पुष्पलता म्हणाली, "ज्याले माहीत नाही तो विचारते, तपासते, मगच हात लावते. जो न विचारता सारं सांगते, त्यालेच आपण विचारलं पाहिजे, तुले हे समजलं कसं म्हणून. तो बाबा असो, नाहीतर डॉक्टर."

सुभद्राबाई पदर सावरून ताठ बसल्या.

"सुभद्रा मारोतराव ढोके. लिहून घे बाबू. अन् डावा डोळा हाये बरं! पण मी सांगतलं म्हणून कापू नको. आधी तू स्वतः पाहून घे."