तेरावा रकाना

"नदीपुढे वर जाणारा बाण काढा," साहेब म्हणाले, आणि फळ्यावर तिच्या हातातला खडू क्षणभर थांबला.

ती नगर कार्यालयातली साधी कारकून. गाव पुढच्या पिढ्यांना राहण्याजोगं होतंय की नाही, हे दरवर्षी मोजायचं ठरलं होतं. काय मोजायचं, यावर नागरिकांची समिती महिनाभर खल करत होती. पाणी, हवा, झाडं, शाळेत पायी जाणारी मुलं, असे बारा निर्देशक निघाले. त्यात नदी सगळ्यांची लाडकी. दोन वर्षांत पाणी इतकं निवळलं होतं, की तळाचे गोटे दिसत.

तिनं बाण काढला आणि वळून म्हणाली, "साहेब, कापड रंगवायचा कारखाना बंद पडला म्हणून पाणी निवळलं. तिथली एकशे चाळीस माणसं आपल्या एकाही रकान्यात नाहीत."

तिचा थोरला भाऊ तिथं सव्वीस वर्षं रंगारी होता. ते तिनं सांगितलं नाही. सगळ्यांना ठाऊकच होतं.

"बाई, बारा ठरलेत," साहेब समजुतीनं म्हणाले. "तेरावा घातला तर अहवाल रडका दिसेल."

"बाराच ठेवलेत तर लोक म्हणतील, गावाचे बारा वाजले," समितीतल्या निवृत्त नर्सबाई चष्मा पुसत म्हणाल्या. "ताप उतरला एवढ्यावर आम्ही पेशंटला घरी सोडत नव्हतो, साहेब. तो जेवतोय का, तेही बघायचो."

हो-नाही करता करता तेरावा रकाना पदरात पडला: काम गेलेल्यांपैकी किती जणांना पुन्हा काम मिळालं.

पाहणीचा पहिला अर्ज घेऊन ती संध्याकाळी दादाकडे गेली. तो वहिनीबरोबर मटार सोलत बसला होता. फळ्यावरच्या बाणांपासून तेराव्या रकान्यापर्यंत तिनं सगळं सांगितलं.

"म्हणजे मी आता सरकारी आकडा झालो म्हण," तो हसला.

"नीट उत्तर दे ना, दादा."

"नाही मिळालं काम. लिही." त्यानं आणखी एक शेंग सोलली. "पण माझ्यापायी नदीचा बाण खाली नको हं आणूस. रोज रंगाचे हौद तिच्यातच रिकामे करायचो आम्ही. परवा पुलावरून मासे दिसले. बराच वेळ उभा होतो बघत."

तिनं मान हलवली. अर्जातला वरचा एक रकाना भरायचा राहिला होता.

"व्यवसाय?"

"रंगारी."

"आत्ताचा विचारतेय रे."

तो खाली मान घालून शेंगा सोलत राहिला. वहिनीनं तिच्याकडे एकदा पाहिलं.

तिनं पेन टेकवलं आणि ठळक, सुवाच्य अक्षरांत लिहिलं: रंगारी.