शेवंतीची रवानगी

माझे थोरले दीर तुकोजीराव पान खाऊन घोडीच्या पाणी प्यायच्या दगडी डोणीत थुंकत. डोण जवळ होती आणि अंगणाच्या टोकाला जायचा कंटाळा, एवढंच कारण. मी डोण घासून घ्यायची आणि मनातल्या मनात त्यांना नाही नाही ते बोलायची.

घोडी माझ्या यजमानांची, रघुनाथरावांची. पांढरी, नाव शेवंती. हे बेंगळूरला रिसाल्यात होते आणि बाकीचं घर म्हैसूरला, लष्कर मोहल्ल्यात. त्या रिसाल्यात अजून जुनी रीत चालायची. स्वतःचा घोडा घेऊन येईल तो शिलेदार, दुसऱ्याच्या घोड्यावर बसेल तो बारगीर. दसऱ्याच्या आधी घोड्यांची हजिरी होती. त्या दिवशी शेवंती रांगेत नसेल तर ह्यांची शिलेदारी जाणार आणि वाडवडिलांपासूनच्या शिलेदाराला कुणाचा तरी बारगीर व्हावं लागणार. ह्यांनी तसं कळवलं होतं आणि पुढे लिहिलं होतं, की त्यापेक्षा मी विहीर जवळ करीन. मी ते खरं मानलं.

तिला रेल्वेनेच न्यायला हवं होतं. आदल्या साली घरी आणताना मद्दूरला इंजिनाने डब्याला दणका दिला, ती आत आडवी पडली आणि पुढचा खूर फुटला. खूर भरून आला, पण बेंगळूरपर्यंतची सडक तिला चालवू नका, असं घोड्यांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि डबा पाहिला की ती चारी पायांनी कापायची. नुसती फळी पायाखाली वाजली तरी घामाने ओली व्हायची.

"चार माणसं लावून ढकला. लाड कशाला सुम्मने, उगीचच?" भावोजी भिंतीकडे बघून म्हणाले. धाकट्या भावाच्या बायकोशी सरळ बोलायचं नाही, ही आमच्यातली मर्यादा. डोणीत थुंकायला मर्यादा आड येत नव्हती.

मी रिसालदाराची लेक. माहेरी चालायला लागले तीच घोड्यांच्या पायांतून. आमच्यात बायका गोषात, त्यामुळे स्टेशनावर जाऊन घोडीला शिकवणं शक्य नव्हतं. मग मी डबाच मागच्या अंगणात आणवला. दगडांवर फळ्या मांडून घेतल्या, म्हणजे खालून पोकळ आवाज येईल. सिद्दय्या नावाचा आमचा मोतद्दार, घोडीचं दाणापाणी आणि खरारा त्याच्याकडे. तो तिला फळ्यांजवळ आणायचा आणि मी फळीवर भिजलेले हरभरे ठेवायची. खायचे तर खा, नाही तर जा. ती फळीवर बिनधास्त उभी राहायला लागली तेव्हा दोन्ही बाजूंनी तट्ट्या लावल्या, मग वर गोणपाटाचं छप्पर, मग मागे आडवा बांबू. ती आत खात असताना मी बाहेर पितळी पातेली आपटायची. सिद्दय्या पहारीने फळ्या हलवायचा, गाडी हलते तशा.

एकच नियम मी कडक पाळला. तिला ओढायचं नाही, आणि तिला मागे यावंसं वाटलं की लगेच येऊ द्यायचं. आत शिरण्याचं भय नसतं त्या जनावराला, बाहेर पडता येणार नाही याचं असतं. बाहेर येता येतं हे पटलं तसं शेवंतीने बाहेर यायचं सोडूनच दिलं. दुपारभर त्या तट्ट्यांत उभी राहून पेंगायची.

भावोजी माडीवरून बघायचे आणि भाऊबंदांना सांगायचे, "आमच्या घरात कुदुरेची, घोडीची शाळा निघालीय." मग ते फिस्सकन हसत आणि पानाचे लाल शिंतोडे सदऱ्यावर उडत. मला त्या सदऱ्याचीही किळस होती, कारण तो मलाच भिजत घालावा लागे.

जायच्या दिवशी मी सिद्दय्याला पढवून ठेवलं. गर्दी नको, गोंगाट नको, गोणपाट आणि हरभरे बरोबर घे, तिचं तिला चढू दे. तोही होकार देऊन निघाला. पण भावोजीही शेला पांघरून बरोबर निघाले होते. सरदार घराण्याची घोडी रणात निघाल्यासारखी वाजतगाजत निघाली पाहिजे, असं त्यांच्या डोक्यात भरलं होतं. मी जावेकरवी निरोप पाठवला, की हे करू नका. उत्तर आलं, बायकांनी चूल बघावी.

थोड्या वेळाने सिद्दय्या धापा टाकत मागच्या दाराशी आला. "कुदुरे हत्तल्ल, अम्माव्रे," म्हणाला. घोडी चढत नाही. गाडी सुटायला फार वेळ नव्हता आणि तिच्यानंतरची कुठलीही गाडी हजिरीला पोचवणार नव्हती.

मी डोक्यावरून पदर घेतला आणि जटक्यात, आमच्याकडच्या टांग्यात बसले. मोकळ्या जटक्यात, पडदा न लावता, मोतद्दाराच्या शेजारी. घरात जाऊ बोंबलत होती, "बेड, शकुंतला, नको जाऊस, बेड." मी ऐकलं नाही.

स्टेशनावर जे पाहिलं ते आठवलं की अजून अन्नावरची वासना जाते. दृष्ट काढायला म्हणून भावोजींनी डब्याच्या तोंडाशीच कुंबळकाय फोडली होती, कुंकवाच्या पाण्याने भरलेली. कोहळ्याचा लगदा आणि लाल चिखल सगळ्या फळीभर. त्यात लिंबं चिरडलेली. नगारा चाललेला. शेवंती त्या चिखलात घसरून गुडघ्यांवर आली होती, पांढरे पाय लालेलाल. आणि तिच्या वरच्या ओठाला दोरीचा फास घालून कुणीतरी तो काठीने पिळून धरला होता. ओठ निळा पडलेला. डोळे पांढरे झालेले. भावोजी तिच्या नाकाशी ताडीचं मडकं घेऊन उभे होते आणि तोंडातलं पान चघळत होते.

मी आधी फास सोडवला. "बाजूला व्हा सगळे," म्हटलं. दिरांशी बोललेला माझा तो पहिला शब्द. ते खरंच बाजूला झाले, इतके चकित झाले होते. नगारा थांबला. मी सिद्दय्याकडून फळी धुऊन घेतली, वर आमची गोणपाटं पसरली, घोडीच्या गळ्यातले हार काढून रुळांवर टाकले. मग स्वतः डब्यात जाऊन बसले आणि ओच्यात हरभरे घेतले.

सगळा फलाट माझ्या तोंडाकडे बघत होता. शेवंती आली, पुढचे पाय आत टाकले, मागे गेली. मी जाऊ दिलं. पुन्हा आली, पुन्हा गेली. गार्ड घड्याळ काढून उभा होता. मी त्याला कानडीत म्हटलं, तुमची झेंडी जरा खाली ठेवा. त्याने ठेवली. तिसऱ्या खेपेला ती आत आली आणि दुखऱ्या ओठानेच माझ्या ओच्यातले हरभरे वेचू लागली. सिद्दय्याने मागचा दांडा हलकेच लावला. मी उतरले, तो तिच्यापाशी बसला आणि गाडी गेली.

घोडी वेळेवर पोचली. हजिरीत ह्यांची शिलेदारी कायम झाली. मी देवापुढे साखर ठेवली.

खंडेनवमीला हे रजेवर आले. शस्त्रांची पूजा झाली आणि भाऊबंदांची पंगत बसली. भाऊबंदांना आमच्यात घरच्या बायकाच वाढतात. मटण मीच रांधलं होतं, मीच वाढत होते. पंगतीत येसाजीराव होते, ह्यांचे चुलत चुलते, जातीच्या पंचायतीतले. दोन घास खाऊन त्यांनी विचारलं, "तुकोजी, स्टेशनावर तुझ्या घरची बाई उघड्या तोंडाने उभी होती म्हणे. खरं काय?"

भावोजी जराही अडखळले नाहीत. "छे हो काका. ती आमच्या मोतद्दाराची बायको. विचारा की रघुनाथला."

येसाजीरावांनी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांना सगळं ठाऊक होतं. सिद्दय्याने डब्यातून उतरल्या उतरल्या सांगितलं होतं आणि मीही आदल्या रात्री सांगितलं होतं. तेव्हा माझा हात हातात घेऊन डोळ्यांत पाणी आणलं होतं ह्यांनी. आता ह्यांनी पानातलं हाड चोखलं, बाजूला ठेवलं आणि म्हणाले, "हो. मोतद्दाराची बायको ती."

शिसारी आली मला. भावोजींची नाही, त्यांची तर सवय होती.

मोतद्दाराच्या घरचं शिजलेलं आमच्यात कुणी खात नाही. खाल्लं तर पंचायत वाळीत टाकते. मी मटणाचं पातेलं पंगतीच्या मधोमध ठेवलं, पदर मागे सारला आणि येसाजीरावांकडे तोंड करून म्हटलं, "काका, ती मीच. आता मोतद्दाराची बायको तर मोतद्दाराची बायको. हे सगळं तिनेच रांधलंय आणि तिनेच वाढलंय."

घास जिथल्या तिथे राहिले. ह्यांनी एवढंच म्हणायचं होतं, की बसा, ही माझी बायको आहे. येसाजीरावसुद्धा तेवढ्यासाठीच थांबले असावेत, त्यांचा हात पानातच होता. भावोजी ह्यांच्याकडे बघत राहिले. मीही बघत राहिले.

पानावरून सगळ्यांत आधी उठले ते हेच.