सव्वाशे लुगड्यांची धाव

अमेरिकेतला फुटबॉल अख्ख्या वर्तकनगरात कुणाला कळत असेल तर तो आपल्यालाच, असं रंभाबाईचं ठाम मत होतं. शाळा तिची दुसरीतच सुटलेली. पण तिचा नातू आर्यन, लेकीचा मुलगा, तिकडे ओहायोत कॉलेजच्या संघात होता. त्याचं काम एकच. चेंडू काखेत दाबायचा आणि समोर जी रेड्यासारखी पोरं वाट अडवून उभी असतात त्यांच्यामधून घुसून पळत सुटायचं. पाडेपर्यंत जेवढा पुढे जाईल तेवढं त्याच्या नावावर लागायचं.

"चेंडू काखेत?" शेजारच्या सुमतीने एकदा विचारलं. "अहो, फुटबॉल पायाने खेळतात ना?"

"तिकडे हाताने खेळतात. पाय पळायला लागतात. तुझ्या लेकासारखं, विनीतसारखं बॅट टेकून उभं राहायला नाही सांगत कुणी."

सुमती आपली पोह्यांची ताटली घेऊन घरात गेली. तिला रंभाबाईची सवय होती.

आर्यनचे आकडे घरात सान्वी वाचायची. सान्वी म्हणजे मुलाची मुलगी, ठाण्यातच कॉलेजला जाणारी. तिकडे शनिवारी मॅच व्हायची आणि इकडे रविवारी सकाळी, चहाच्या आधी, रंभाबाई तिला उठवायची. पहिल्या वर्षी सान्वीने डोळे चोळत वाचलं होतं, "अख्ख्या सीझनमध्ये चौदा वेळा बॉल दिला त्याला. एक्कावन्न यार्ड."

"यार्ड म्हणजे काय गं?"

"म्हणजे मीटरपेक्षा थोडं कमी. झोपू दे ना, आजी."

रंभाबाईने मान एका बाजूला वळवली, दुसरा हात लांब केला आणि नाकाच्या शेंड्यापासून बोटांच्या टोकापर्यंत दाखवलं. "एवढं?"

सान्वीने अंदाज घेतला. "हो, साधारण."

"मग वार म्हण की मेले! यार्ड यार्ड काय लावलंयस!"

वार तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. बत्तिसाव्या वर्षी नवरा गेला आणि पुढची तीस वर्षं तिने डोक्यावर गाठोडं घेऊन ठाण्याच्या वसाहतींतून लुगडी विकली. नऊवारी, पाचवारी, खण. मोजायचा गज जवळ कधी बाळगला नाही. नाकापासून बोटापर्यंत मोजलेलं तिचं कापड दोन बोटं जास्त भरायचं, कमी कधीच नाही. त्यामुळे नातवाचं धावणं तिला टीव्हीवर मॅच सांगणाऱ्या त्या गोऱ्या माणसांपेक्षा लवकर कळलं. दुसऱ्या वर्षी चारशे एकोणनव्वद वार. तिसऱ्या वर्षी पोरगं सुटलंच. दोनशे तीन वेळा चेंडू हातात आला, अकराशे सत्तावीस वार धावला, अकरा वेळा शेवटची रेघ ओलांडली. रंभाबाईने गॅसजवळ उभ्याउभ्या हिशेब केला.

"सव्वाशे नऊवारी लुगडी नेसवली त्या मैदानाला," ती म्हणाली. "आणि वर दोन वार शिल्लक."

"आणि अ‍ॅव्हरेज साडेपाच. एका वेळेला."

"पाचवारी नि वर अर्धा वार. बघ, कापड कमी नाही देत. माझ्यावर गेलाय."

हे सगळं तिने जिन्यात, गिरणीत, रेशनच्या रांगेत, सगळ्यांना सांगितलं. फक्त एक गोष्ट ती कुणाला सांगत नसे. पोराला बघून तिला आठ वर्षं झाली होती.

तेरा वर्षांचा होईपर्यंत तो दर सुट्टीत यायचा. शेवटचा आला तेव्हा झोपला की पाय गादीच्या बाहेर. बाप तिकडचाच, सहा फूट दोन इंच, मग पोरगा वाढणारच. तो गेला त्याच आठवड्यात रंभाबाईने गादीवाल्याला बोलावून साडेसहा फुटी गादी भरून घेतली. पुढच्या सुट्टीत सराव आला. त्याच्या पुढच्या सुट्टीत शिबिर. गादी कपाटावर गुंडाळलेली, दर मे महिन्यात गच्चीवर ऊन खाऊन परत कपाटावर. फोनवर पोरगा दिसायचा, पण फोनवर दिसणाऱ्या माणसाच्या डोक्याला तेल घालता येत नाही. स्वप्ना, तिची लेक, दरवर्षी म्हणायची, "आई, तूच ये ना इकडे." डॉक्टरने मात्र कानाच्या दुखण्यामुळे विमानात बसायचं नाही असं बजावलेलं.

चौथं वर्ष शेवटचं. ऑगस्टमध्ये आर्यनने त्याच्या मोडक्या मराठीत सगळं समजावलं. "आजी, हा सीझन खूप चांगला गेला तर मोठी टीम घेणार मला. मग मी इकडे. नाही घेतली तर फुटबॉल फिनिश. मग मी जानेवारीत येतो, दोन महिने."

फोन बंद झाला. रंभाबाई बराच वेळ तांदळाचं ताट पुढे घेऊन बसली, पण एकही खडा तिने काढला नाही. चांगला धावला तर येणार नाही. धावणं संपलं तर येणार. इतकं सोपं आजवर तिला कुणी सांगितलं नव्हतं.

दुपारी घरात कुणी नसताना तिने कोकणात, गावाला, गुणाजी गुरवाला फोन लावला. देवीसमोर गाऱ्हाणं, म्हणजे लोकांचं मागणं, तोच घालायचा. मुंबई-ठाण्याचे लोक हल्ली फोनवरूनच सांगायचे.

"देवीक सांग, माझ्या नातवाचा धावणा आटपू दे नि तो घराक येऊ दे."

गुणाजीने तिला अडवलं. "काकी, असा अर्धा सांगून चलाचा नाय. कसा आटपूचा, पोरगो धडधाकट येवचो, सगळा उघड करून मागूक होया. देवी शब्द धरता."

"तुझ्या बापाशीक गाराणा घालताना बघलंय मी. तू माका शिकव नको. सांगतंय तेवढा घाल."

त्याने घातलं. कोंबडा, ओटी, सगळं रीतसर.

सीझन सुरू झाला आणि आर्यन असा धावला की बस. दोन मॅचमध्ये अडीचशे वार. रंभाबाई आकडा ऐकायची, छाती फुगायची, आणि मग जानेवारी आठवायचा. तिसऱ्या रविवारी ती सान्वीला उठवायला गेली तर सान्वी आधीच उठून बसलेली, मोबाईल उलटा ठेवून.

"किती?"

"आजी, बस जरा."

"किती झाले ते सांग आधी."

"एक्क्याण्णव. पण तो पडला गं. उठला नाही. स्ट्रेचरवरून नेलाय."

गुडघ्याची शीर तुटली होती. ऑपरेशन झालं. स्वप्ना फोनवर रडली, नऊ महिने म्हणाली, रोज व्यायाम, रोज डॉक्टर, एवढा प्रवास तर शक्यच नाही. घरातले सगळे बोलत होते. रंभाबाई तेवढी उठून भांडी घासायला गेली. सुमती विचारपूस करायला आली तर रंभाबाईने विनीतवरून एकही टोमणा मारला नाही, आणि तेव्हा मात्र सुमती घाबरली.

धावणं आटपलं होतं. तिने मागितलं होतं तसंच. आणि पोरगा घरी येणार नव्हता तो नव्हताच.

दुसऱ्या दिवशी तिने गुणाजीला फोन केला. "ता गाराणा मागे घे."

"घातलेला मागे येणा नाय, काकी. वर दुसरा घालूक येता. पण आता एकच मागा. धावणा मागा, नायतर घराक येणा मागा."

रंभाबाईने कपाटावरच्या गादीकडे बघितलं. गुणाजी दोनदा हॅलो म्हणाला.

"धावणा," रंभाबाई म्हणाली आणि तिनेच फोन ठेवला.

एप्रिलपर्यंत पोरगा चालायला लागला, मग पळायला. तीनच मॅच खेळला म्हणून ते वर्ष त्याच्या खेळात धरलंच नाही, अजून एक सीझन मिळाला. ही बातमी स्वप्नाने सांगितली आणि मग आवाज खाली आणून म्हणाली, "आई, तो मे महिन्यात तुझ्याकडे यायचं म्हणतोय. डॉक्टर नको म्हणतात. आता तीन आठवडे व्यायाम चुकला तर गुडघा मागे जाईल. माझं ऐकत नाहीये. तू ये म्हणालीस तर येईल, नको म्हणालीस तर राहील. तूच बघ."

त्याच आठवड्यात आर्यनचा फोन आला. इकडे संध्याकाळ, दिवाबत्ती झालेली. तिकडे सकाळ, आणि तो मैदानावर. मागे हिरवंगार, दर पाच वारांवर पांढरी रेघ.

"आजी, मी तिकीट बघितला! तीन वीक! तू घावणे करणार ना?"

सान्वीने फोन धरला होता. ती आजीकडे बघत राहिली.

"आर्यन," रंभाबाई म्हणाली, "आधी ऐक. तुझा गुडघा माझ्यामुळे गेला. मी देवीकडे तसं मागितलं होतं."

"काय? नाही आजी. गुडघा तर दुसऱ्या टीमच्या फिफ्टी-फोर नंबरने तोडला."

"आणि त्याला कुणी पाठवलं?"

"त्याच्या कोचने," असं म्हणून पोरगा खदखदून हसला. रंभाबाई हसली नाही.

"तिकीट काढू नको."

त्याचं हसू थांबलं. "का? तुला नको मी?"

"नको. इथे मेमध्ये काय आहे? घाम आणि पाण्याची बोंब. आंबासुद्धा यंदा आंबट आहे. तीन आठवडे लोळशील, खाशील, आणि गुडघा कुजवून जाशील. आधी पाय घट्ट कर. सव्वाशेवर अडलायस, दीडशे कोण करणार, मी?"

"दीडशे काय?"

"काही नाही. तुझं तू पळ."

तो मान खाली घालून उभा राहिला. खांदे केवढे रुंद झाले होते. केस मात्र अजून मागे उभेच राहायचे, लहानपणीसारखे.

"मला पळून दाखव," ती म्हणाली. "खरंच बरा झालायस की आईला फसवतोयस, बघू दे."

त्याने फोन कशाला तरी टेकवून ठेवला, पाठ फिरवली आणि निघाला. आधी जपून, मग मोकळा. एक रेघ, दुसरी, तिसरी. पाय कुठेच अडत नव्हता. सान्वी "मस्त!" म्हणाली. तो लांब जात राहिला, करंगळीएवढा झाला, पार पलीकडच्या खांबापाशी हिरव्यात एक ठिपका उरला. तिथून त्याला काही ऐकू जाण्यासारखं नव्हतं.

तेव्हा रंभाबाई फोनजवळ वाकली आणि अगदी हळू म्हणाली, "ये रे बाळा. एकदा ये."

तो पळतच परत आला, धापा टाकत, तोंड पडद्याला लावून. "आजी, तू काही बोललीस?"

"डावा पाय उचलून टाक म्हटलं," रंभाबाई म्हणाली. "फरपटतोयस."