लुदियाच्या घरची मूठ

चैत्र पिकला होता. निंबाच्या माथ्यावर ताम्रकोवळी पालवी, पालवीत पांढऱ्या फुलोऱ्याचा चुरा, आणि त्या मंदकडवट गंधाने ओथंबलेली दुपार. ओढा कोरडा. ओढ्यातले गोटे ऊन पिऊन पिऊन उजळलेले. पलीकडे काळ्या पाषाणाचं, लाल कौलांचं, ठेंगण्या मनोऱ्याचं प्रार्थनामंदिर. गावातले ख्रिस्ती त्याला साध्या ओठांनी देऊळच म्हणतात.

उपवासकाळ सरत आला होता. आज गुरुवार होता, प्रभुभोजनाचा गुरुवार. ऊन उतरेल, घंटा वाजेल, शुभ्र आच्छादनाच्या मेजावर भाकर आणि पेला मांडला जाईल. त्या मेजाची चाहूल आत्तापासूनच गावाच्या अंगावर होती. कोंबडेही जरा हळूच आरवत होते म्हणा ना.

या मंडळीची एक रीत होती. उपवासकाळ लागला की घरोघरची बाई पहाटे पीठ मळायच्या आधी त्यातली एक चिमूट बाजूला काढी. चिमटीला चिमूट लागे, दिवसाला दिवस लागे, आणि या गुरुवारपर्यंत चिमटीची मूठ होई. मग त्या साऱ्या मुठी सलोमीबाईच्या ओसरीवर येत. कुणाची पितळेच्या वाटीतून, कुणाची करवंटीतून, कुणाची लेकराच्या दुधाच्या पेल्यातून. कुणाचं पीठ खपलीचं लालसर, कुणाचं रेशनच्या गव्हाचं करडं, कुणाचं जाडंभरडं. परातीत पडेपर्यंत ज्याचं त्याचं. परातीत पडलं की प्रभूचं.

त्यातूनच मेजावरची भाकर होई. बिनमिठाची, बिनखमिराची, खापरावर भाजलेली, पुनवेसारखी वाटोळी.

आणि त्या रीतीला एक अट होती. सगळ्या घरांची मूठ आल्याशिवाय पिठात पाणी घालायचं नाही. सलोमीबाईच्या सासूनं डोळे मिटण्याआधी परात तिच्या हवाली केली, ती या अटीसकट.

सलोमीबाई. पांढऱ्या पातळाची, पांढऱ्या केसांची, शांतस्वरा सलोमीबाई. जिच्या पहाटेला रोज एक गायन, एक गुडघेटेक, आणि मगच चुलीला काडी. देऊळ झाडावं तर तिनं, मेजाचं आच्छादन खळ घालून परीटघडी करावं तर तिनं, समया राखेनं घासाव्या तर तिनंच. धनी तरुणपणीच प्रभूकडे गेलेला. कूस उजवली नाही. तिच्या घरात आवाज एकच, तिचा. आणि तोही बहुधा गाण्याचा.

आज ती परातीपुढे बसली होती. परात भरत आली होती. पिठाच्या त्या शुभ्रधवल राशीवर उन्हाची एक तिरीप पडली होती आणि तिरिपीत पिठाचे कण तरंगत होते. आत्म्यासारखे हलके, आत्म्यासारखे अस्थिर.

साऱ्या घरांच्या मुठी आल्या होत्या. एक आली नव्हती.

ती यायची होती भिंतीपलीकडून. भिंतीपलीकडे लुदियाचं घर. लुदिया म्हणजे सलोमीबाईची धाकटी जाऊ. एका आडाचं पाणी पिणाऱ्या, एका आडनावाच्या, एका बाकावर बसणाऱ्या दोघी. आणि गेल्या हंगामापासून दोघींत अबोला.

काय झालं होतं? फार काही नाही. लुदियाच्या धाकटीचा, यमीमाचा, बाप्तिस्मा होता. अंगणात मांडव, मांडवात बायका. कुणीतरी सहज म्हणालं, सलोमीबाईंसारखी सेवा आपल्याला नाही बाई जमायची. तेव्हा लुदिया भात वाढता वाढता म्हणाली, "बाईंचं काय, घर रिकामं. रिकाम्या घरच्या माणसाला देऊळ पुरतं."

बायका हसल्या. सलोमीबाईही हसली. पण ते हसू ओठांच्या आत गेलंच नाही.

शब्द केवढा? रिकामं. धान्याच्या टोपलीला म्हणावा, पाण्याच्या घागरीला म्हणावा, इतका साधा. पण तो तिच्या मनाच्या गाभाऱ्यात पाकोळीसारखा शिरला आणि तिथंच फडफडत राहिला. आपण प्रभूला वाहिलं ते अर्पण की अडगळ? भरल्या घरातून काढून दिलं असतं तर ते देणं. आपण तर जे पडून होतं तेच दिलं. देऊळ झाडताना हा शब्द. समया घासताना हा शब्द. पहाटे गुडघे टेकताना, ओठांवर गायन आणि गायनाखाली हा शब्द.

त्या दिवसापासून उपासना सुटल्यावर दारापाशी सगळे सगळ्यांना सलाम करीत. या दोघी तेवढ्या दोन दारांनी बाहेर पडत.

सावल्या लांबल्या. ओसरीवर शांतवनबाबा आले. हे देवळाची घंटा वाजवणारे. तरुणपणी गवंडी, म्हातारपणी सगळ्यांचेच बाबा. त्यांनी परातीत डोकावलं.

"पाणी नाही घातलं अजून?"

"एक मूठ यायचीय, बाबा."

बाबांनी भिंतीकडे पाहिलं. मग टोपी काढून डोकं खाजवलं. "ही भिंत माझ्या हातची. मी तुझ्या सासऱ्याला म्हणालो होतो, मधी दार ठेवू. तो म्हणाला, दाराला लाकूड लागतं. आता बघ, लाकूड वाचलं आणि माणसं अडकली."

सलोमीबाईनं पिठाची रास बोटांनी सारखी केली.

"नाहीतर बाजारातून पाव आणतो," बाबा म्हणाले. "पाळकसाहेब काही म्हणायचे नाहीत. शहरातल्या देवळांत पावच असतो, सुरीनं चौकोनी कापलेला. बिस्किटासारखा."

"आणा की. आणि सासूबाई तिकडं वर भेटल्या की त्यांना तुम्हीच सांगा."

"नको," बाबा घाईनं म्हणाले. "ती बाई जिवंतपणीही माझं ऐकत नव्हती." आणि हसत, खोकत, काठी टेकीत ते देवळाकडे वळले. वळता वळता म्हणाले, "ऊन मनोऱ्यावरून उतरलं की मी दोरी धरणार. तेवढं ध्यानात ठेव, पोरी."

पुन्हा ओसरी. पुन्हा परात. पुन्हा ती तिरीप, आता मधाच्या रंगाची.

तेव्हा सलोमीबाईच्या मनात एक विचार आला. मांजरासारखा, पावलं न वाजवता. आपल्याच डब्यातली एक मूठ घालावी. लुदियाच्या नावानं. गहू तोच, जातं तेच, कुणाला कळणार? तिनं डबा उघडला. मूठ भरली. परातीवर धरली.

मूठ उघडेना.

बोटं जणू कळीच्या पाकळ्या झाली, अवेळी न उमलणाऱ्या. पीठ मुठीत तापू लागलं. ज्या हातांनी आयुष्यभर वाहिलं, त्या हातांना आज खोटं वाहता येईना. भिंतीपलीकडे यमीमा खिदळली. भांडं पडलं. लुदियाचा दमलेला आवाज आला, आणि गेला.

सलोमीबाईनं मूठ पुन्हा डब्यात सोडली. हात झटकले. फळीवरून सासूची पितळेची वाटी काढली, पदरानं पुसली. वाटीत तिचाच चेहरा हलला. वाकडा, सोनेरी, म्हातारा. मग ती उठली, आणि बिनदाराच्या भिंतीला वळसा घालून निघाली.

वळसा तो केवढा. निंबाच्या खालून, गोठ्याच्या कडेनं, तुळया रचल्या होत्या त्या कोपऱ्यावरून. पण प्रत्येक पावलागणिक तो शब्द आडवा येत होता. रिकामं. तू मागायला चाललीस? जिनं टोचलं तिच्या दारी? निंबाचा फुलोरा डोक्यावर झरत होता. ती चालत होती.

लुदिया चुलीपुढे होती. केस विस्कटलेले, काखेत यमीमा, हातात उलथनं, चुलीवर दूध. नवरा कारखान्यावर दुसऱ्या पाळीला गेलेला. दारात सावली पडली म्हणून तिनं वर पाहिलं, आणि उलथनं तसंच राहिलं.

"सलाम, लुदिया."

इतक्या दिवसांचा तो पहिला शब्द. "सलाम, बाई."

सलोमीबाईनं वाटी पुढे केली.

"तू खरंच बोलली होतीस गं. घर रिकामं आहे. ही वाटीपण रिकामी आहे. घाल काहीतरी."

लुदियानं उलथनं खाली ठेवलं. मग दाराआड वळून तिनं कोनाड्यातली पांढऱ्या फडक्यानं झाकलेली करवंटी काढली. फडकं उचललं. पीठ काठोकाठ होतं. मऊ, चाळलेलं, बोटांनी सपाट केलेलं.

"एक दिवस चुकला नाही," ती म्हणाली. "रोज चिमूट काढली. आज सकाळपासून तीनदा उंबऱ्यापर्यंत आले. पण ज्या घरातून तसा शब्द निघाला, त्याच घरची मूठ प्रभूच्या भाकरीत कशी घालू?"

"मला वाटलं, रागानं पाठवली नाहीस."

"राग तुम्ही धरायचा होता. माझा कसला?" तिनं यमीमाला दुसऱ्या काखेत घेतलं. "बाई, मी ते चुकून नाही बोलले. तुम्हाला टोचावं म्हणूनच बोलले. हेवा वाटला मला."

"माझा?"

"तुमचाच. पहाटे भिंतीपलीकडून तुमचं गायन येतं. मीही गुडघे टेकते, तर ही रडते. उठून गायनाची एक ओळ म्हणते, तोवर..."

चुलीवर सर्र झालं. दूध उतू गेलं. निखारे फुसफुसले, धुराचा एक गोड करपट लोट उठला.

"...तोवर हे," लुदिया म्हणाली. आणि अचानक दोघी हसल्या. ओठांच्या आतपर्यंत हसल्या. हसता हसता लुदियाचे डोळे भरले आणि सलोमीबाईनं पुढे होऊन पदरानं दुधाचं भांडं उतरवलं.

"मी मात्र रोज देवाला विचारत होते," ती चुलीकडे पाहतच म्हणाली, "की एका घराचा तरी गलबला मला का नाही दिलास?"

"आता घ्या," लुदिया म्हणाली, आणि यमीमाला तिच्या काखेत दिलं. "ऊन मनोऱ्यावर आलंय. चला."

मग ओसरीवर दोघी. मध्ये परात, परातीत पिठाचा शुभ्र डोंगर, आणि डोंगरावर करवंटीतून उतरलेली शेवटची मूठ. सलोमीबाईनं डोळे मिटले. लुदियानं मिटले. मग लुदियानं तांब्या कलता केला आणि पाणी पडलं; बारीक, अखंड, रुपेरी.

चार हात कणकेत शिरले. एक जोडी सुरकुतलेली, एक जोडी चुलीनं पोळलेली. खपलीचं लाल त्यात विरलं, रेशनचं करडं विरलं, जाडंभरडं विरलं. भिंतीअलीकडचं आणि भिंतीपलीकडचं विरलं. कणीक मऊ झाली, कानाच्या पाळीसारखी मऊ.

गोल थापून झाला होता. निखारे फुलले होते. तेवढ्यात यमीमा रांगत आली, परातीचा काठ धरून उभी राहिली, आणि कुणाला कळायच्या आत तिनं आपली मूठ त्या गोलाच्या मधोमध रोवली.

"अगं अगं," लुदिया म्हणाली. "प्रभूची भाकर आहे ती, कारटे." तिनं पाण्याचा हात करून तो खळगा पुसायला घेतला.

सलोमीबाईनं तिचं मनगट धरलं.

"राहू दे."

"पण पाळकसाहेब..."

"बाप्तिस्मा झालाय ना हिचा? मग ही मंडळीतलीच. तिची मूठ यायची राहिली होती."

मनोऱ्यावरून ऊन उतरलं. घंटा झाली, एक टोला, त्याच्या मागून दुसरा, कोरड्या ओढ्यावरून, निंबावरून, कौलांवरून पसरत गेलेला. पांढऱ्या लुगड्यांची, धुतल्या सदऱ्यांची एक मूक सरिता देवळाकडे वाहू लागली. शांतवनबाबांनी दोरी सोडली नाही, पण दोघींना एकाच दारातून येताना पाहिलं आणि एक टोला जरासा जास्तच जोरात पडला.

समया लागल्या. गायन झालं. पाळकसाहेबांनी परीटघडीचं वस्त्र उकललं, भाकर दोन्ही हातांनी वर धरली, आणि क्षणभर थबकले. सोनेरी, खापरभाजल्या त्या वर्तुळाच्या मध्यावर एक चिमुकला खळगा होता, चार बोटांचा आणि एका अंगठ्याचा. त्यांनी काही विचारलं नाही. समईचा उजेड त्या खळग्यात साचला होता, ओंजळीत पाणी साचावं तसा.

मग त्यांनी भाकर मोडली, बरोबर त्या खळग्यातून. मोडण्याचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत गेला.

शेवटच्या बाकावर दोघी होत्या. लुदिया डोळे मिटून बसली होती. किती दिवसांनी गायनाची ओळ तिच्या ओठांवर पुरी झाली होती. सलोमीबाईच्या मांडीवर यमीमा निजली होती. तिच्या मिटल्या मुठीच्या रेषांत वाळलेलं पीठ होतं. पिठात सगळी घरं होती. घराघरांत दिवा होता. आणि सलोमीबाईचा रिकामा तळवा, पुढे केलेला, भाकरीची वाट पाहणारा, त्या दिव्यांखाली हळूहळू उजळत होता.