अर्धी दाढी

"हललात तर कापेल हं," असं मामा हेडमास्तरांना म्हणाले आणि पुढच्याच क्षणी स्वतःच हलले. वस्तरा फळीवर ठेवला. "आलोच."

"पुन्हा?" फेसाआडून हेडमास्तर म्हणाले. "अहो, आत्ताच तर जाऊन आलात!"

त्यात खोटं काहीच नव्हतं. मामा दुकानाच्या मागच्या मोरीत भिंतीला हात टेकून उभे राहिले. खुर्चीपाशी क्षणभर दम निघत नव्हता आणि इथे थेंबाची वाट बघायची! स्वतःच्याच शरीरानं अशी थट्टा मांडावी, याचा त्यांना भयंकर संताप आला. चहा सोडला होता. सकाळपासून पाण्याचा घोटही घेतला नव्हता. तरी हे!

परवा डॉक्टरीणबाई रागावल्याच. "पाणी तोडलं की लघवी दाट होते, जळजळ वाढते, मग घाई आणखीच. या वयात प्रोस्टेट वाढतं, कुणाला साखर निघते, कुणाला इन्फेक्शन. तपासल्याशिवाय मी काय सांगू?" मामांनी मान डोलावली आणि तपासणी न करताच दुकान गाठलं. ऑपरेशन सांगितलं तर? इतक्या वर्षांची खुर्ची रिकामी राहिली की गिऱ्हाईक शेजारच्या खुर्चीत जाणार. शेजारची खुर्ची जावयाची होती. जावई हाताचा चांगला, म्हणून तर धास्ती.

कशीबशी धार आली, थांबली, पुन्हा आली. हात धुऊन मामा परतले तेव्हा त्यांची खुर्ची रिकामी होती. हेडमास्तर जावयापुढे मान वर करून बसले होते आणि डाव्या गालावरून त्याचा वस्तरा फिरत होता.

"मामा, फेस वाळत चालला होता," जावई नजर न उचलता म्हणाला. "सरांना घाई होती, म्हणून..."

"बरं केलंत, जावईबापू."

दाढी झाल्यावर हेडमास्तरांनी आरशात बघत दोन्ही गालांवरून हात फिरवला. उजवा मामांचा, डावा जावयाचा. "वा! कुठली बाजू कुणाची, कळतसुद्धा नाही," ते खुशीत म्हणाले. कौतुकच होतं ते, आणि तेच मामांना झोंबलं.

"पुढच्या वेळी इथेच बसतो, मामा. तुमचीही ओढाताण नको."

"बसा की," मामा म्हणाले.

हेडमास्तर गेल्यावर त्यांनी आपला ब्रश धुतला, वस्तरा पुसून मिटला. मग कोपऱ्यातली पाण्याची बाटली उचलली आणि उभ्याउभ्या सगळी संपवली. आता कुणाची दाढी अर्धी राहणार नव्हती.