बंदराचा विषय काढायचा नाही

केलर पॉइंट बंदराचा कारभार निवडून दिलेलं तीन जणांचं मंडळ बघतं आणि रोजचं काम मी, डार्ला, बघते. धक्का, बोटींच्या जागा, क्रेन, बर्फाचा कारखाना आणि सगळ्यांची कुरकुर, हे सगळं माझ्याकडे.

तोइवो कांगास मंडळावर कधीपासूनचे, ते गावालाच आठवत नाही. आधी मासेमारी करायचे. त्यांच्या शेजारी व्हर्ना स्कोगलुंड राहायच्या. खाडीच्या चिखलात त्यांची कालवांची शेती. दोघांचे जोडीदार गेलेले. रोज सकाळी व्हर्नाबाई तोइवोंच्या स्वयंपाकघरात कॉफीला जायच्या आणि दोघं बंदरावरून भांडायचे.

"गाळ काढायला इतका उशीर? झोपा काढता काय तुम्ही तिघं?"

"बोलायला काय जातं तुझं! एकदा त्या खुर्चीत बसून बघ."

मंडळातला एक जण मुलीकडे ॲरिझोनाला राहायला गेला, तेव्हा व्हर्नाबाईंनी खरोखरच अर्ज भरला आणि निवडूनही आल्या. सगळ्यांत मोठ्यानं टाळ्या तोइवोंनी वाजवल्या.

मग आमच्या वकीलबाईंनी दोघांना समोर बसवून कायदा सांगितला. तिघांच्या मंडळात दोघं म्हणजे बहुमत. त्यामुळे दोन सभासदांनी बंदराबद्दल बोलायचं ते फक्त जाहीर सभेत, लोकांसमोर. घरी नाही, रस्त्यात नाही, फोनवर नाही.

"आणि कॉफी पिताना?" तोइवोंनी विचारलं.

"कॉफी प्या. बंदराचा विषय काढायचा नाही."

दोघांनी एकमेकांकडे असं पाहिलं, जणू कुणी त्यांच्या घराची वाटणी करून टाकली होती.

पुढचे काही दिवस वाईट गेले. तोइवो माझ्या ऑफिसात येऊन म्हणायचे, "पोरी, तिला एवढंच सांग, की क्रेनचं..."

"नाही सांगता येत. मी निरोप पोचवला तरी तो गुन्हाच."

थोड्या वेळानं व्हर्नाबाई. "डार्ला, त्या म्हाताऱ्याच्या डोक्यात क्रेनबद्दल काय आहे गं?"

"सभेत विचारा!"

सकाळी हवेवर बोलून व्हायचं, गुडघ्यांवर बोलून व्हायचं, आणि मग दोघं खिडकीबाहेर बघत बसायचे. खिडकीतून दिसायचं ते बंदरच.

तोडगा व्हर्नाबाईंनीच काढला. एके दिवशी त्यांनी विचारलं, "तोइवो, लहानपणी तुला काय व्हायचं होतं रे?"

तोइवोंना अकॉर्डियन वाजवणारा व्हायचं होतं. वाजवायची ती पेटी अजून माळ्यावर होती. इतकी वर्षं शेजारी राहून व्हर्नाबाईंना ते ठाऊक नव्हतं. आणि जन्मभर खाडीत उभं राहून कालवं काढणाऱ्या या बाईला बोटीची भीती वाटते, हे तोइवोंनाही तेव्हाच कळलं. ते इतके हसले की ठसका लागला. व्हर्नाबाईंनी त्यांच्या पाठीवर जरा जास्तच जोरात थापटलं.

वसंतात बर्फाचा कारखाना बंद पडला. तो दुरुस्त करावा, असं तोइवोंचं म्हणणं; त्यांच्या वडिलांनी त्याचा पाया घातलेला. सभेच्या आदल्या सकाळी त्यांना राहवलं नाही. "व्हर्ना, उद्या बर्फाचं..."

व्हर्नाबाईंनी दोन्ही कानांवर हात ठेवले आणि चर्चमधलं भजन मोठ्यानं म्हणत त्या अंगणातून घरी गेल्या. अर्धं गाव उठलं.

सभेत मात्र त्या शांत होत्या. त्यांनी दुरुस्तीबद्दल मला बारीकसारीक विचारलं, कोळ्यांचं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "या यंत्रात जीव उरलेला नाही. शेजारच्या बंदरावरून ट्रकनं बर्फ आणू आणि दुरुस्तीचा पैसा धक्क्याला लावू. माझं मत बंद करण्याला." तिसरे सभासद लेलँड त्यांच्या बाजूनं गेले. तोइवो एकटे पडले. टोपी घालून ते निघून गेले.

दुसऱ्या सकाळी त्या कॉफीला जातील असं मला वाटलं नव्हतं. त्या गेल्या. तोइवो रागानं लाल झालेले, पण कायद्यानं तोंड बांधलेलं! त्यांनी कप आपटला, साखर सांडली, चमचा आपटला. शेवटी म्हणाले, "माझा बाप फार हट्टी माणूस होता."

"सांग ना त्याच्याबद्दल," व्हर्नाबाई म्हणाल्या.

दुपारपर्यंत ते वडिलांबद्दल बोलत राहिले. बोलताना रडले, असं त्यांनीच मला नंतर सांगितलं.

ट्रकचा बर्फ येऊ लागला. कोळ्यांनी आधी शिव्या घातल्या, मग सवय झाली. आणि पानगळीच्या सुमारास दोघं हातात हात घालून वकीलबाईंसमोर उभे राहिले. एकाच मंडळावरच्या दोघांना लग्न करता येतं का?

"येतं. पण घरात बंदराबद्दल एक शब्द बोलता येणार नाही. जेवताना नाही, झोपताना नाही."

"म्हणून तर करतेय!" व्हर्नाबाई म्हणाल्या.

लग्न बंदराच्याच मालकीच्या, जाळी ठेवायच्या गोदामात झालं. तिन्ही सभासद एका छपराखाली येणार, म्हणून मी दारावर रीतसर सूचना लावली: हा समारंभ आहे, येथे बंदराच्या कामकाजावर चर्चा होणार नाही. तोइवोंनी अकॉर्डियन वाजवलं. सूर बरेचसे चुकले. मधेच छतातून पाण्याचा एक थेंब त्यांच्या टकलावर पडला. त्यांनी वर पाहिलं, मग माझ्याकडे, आणि तोंड उघडलं.

व्हर्नाबाईंनी त्यात केकचा मोठा तुकडा कोंबला.